माऊथ पब्लिसिटी, व्हाया खान्देश

मागच्या महिन्यात एका रविवारी सकाळी साडेसातला, म्हणजे आम्हा आयटीवाल्यांच्या हिशेबाने मध्यरात्री, चुलतभावाचा फोन आला. हा पठ्ठ्या चोपडा तालुक्यात कापूस आणि केळी करतो. चार वर्षांपूर्वी त्याने गंमत म्हणून शेतीचे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली. ठिबकची नळी चोक झाली तर ॲसिड कसं सोडायचं, केळीची पिलं कधी कापायची, बोंडअळीसाठी कामगंध सापळे कुठे लावायचे, असलं सगळं. निम्मं मराठीत, निम्मं अहिराणीत. हळूहळू जळगाव-धुळ्याकडचे बरेच शेतकरी ते बघायला लागले, आणि आता एका एजन्सीने त्याला गाठलं होतं. कुठल्याशा कंपनीचं कापसावर फवारायचं 'टॉनिक' आहे. "मी हे वापरलं, फरक पडला" असा एक मिनिटाचा व्हिडिओ त्याने करायचा. पैसे किती, तर खर्च वजा जाता एक एकर कापसातून त्याच्या हातात जे उरतं, त्याहून जास्त.

मी विचारलं, "तू वापरलंस का ते?"

"नाही ना! बाटलीसुद्धा अजून बघितली नाही." मग जरा थांबून म्हणाला, "भाऊ, पैसा लेऊ का नको, इतलंच सांग."

"संध्याकाळी सांगतो" म्हणून मी फोन ठेवला. झोप उडालीच होती. माझ्या ऑफिसात बाजूच्या बेला मार्केटिंगची टीम बसते. 'इन्फ्लुएन्सर', 'ब्रँड रिलेशनशिप', 'एंगेजमेंट' हे शब्द दिवसभर कानावर पडतात. मला वाटायचं, ही सगळी गेल्या दहा वर्षांतली भानगड, इन्स्टाग्रामसोबत आलेली. त्या दिवशी चहाचे तीन कप आणि बरंच वाचन झाल्यावर लक्षात आलं की मामला फारच जुना आहे. शिवाय त्याचा उगम मुंबईच्या जाहिरात कंपन्यांपेक्षा आमच्या शेताच्या बांधाला जास्त जवळचा आहे. म्हणून हा इतिहासाचा डोस. सहन करा :)

आधी थोडं अमेरिकेत

'अर्ली ॲडॉप्टर' हा शब्द आपण मीटिंगमध्ये दिवसातून दोनदा तरी वापरतो. तो लोकप्रिय केला एव्हरेट रॉजर्स नावाच्या प्राध्यापकाने, १९६२ साली आलेल्या 'डिफ्यूजन ऑफ इनोव्हेशन्स' ह्या पुस्तकात. ह्या विषयातला पायाभूत अभ्यास मात्र त्याच्याही आधीचा, १९४३ सालचा. ब्राइस रायन आणि नील ग्रॉस ह्या दोघांनी आयोवा राज्यातल्या २५९ शेतकऱ्यांना गाठून विचारलं, की तुम्ही मक्याचं संकरित बियाणं केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून घेतलं? दोघे सोडून बाकी सगळ्यांनी तोवर ते घेतलं होतं. आता गंमत बघा. बियाण्याबद्दल पहिल्यांदा ऐकलं ते बहुतेकांनी सेल्समनच्या तोंडून. पण "घ्यावं" असं पटलं ते मुख्यतः शेजाऱ्यामुळे. म्हणजे माहिती देणारा वेगळा आणि खात्री देणारा वेगळा.

रॉजर्स स्वतः आयोवातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या वडिलांनी वर्षानुवर्षं ते संकरित बियाणं घ्यायला नकार दिला होता. १९३६ च्या दुष्काळात त्यांचा मका वाळून गेला आणि शेजाऱ्यांचा संकरित मका मात्र उभा राहिला, तेव्हा कुठे ते तयार झाले. कोणत्याही जाहिरातीने झालं नसतं ते काम बांधापलीकडच्या हिरव्या रंगाने केलं.

१९३६ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी आमच्या खान्देशात एक मोठा 'कॅम्पेन' झाला.

फैजपूर, १९३६

आजचा जळगाव जिल्हा तेव्हा पूर्व खान्देश म्हणून ओळखला जायचा आणि धुळ्याकडचा भाग पश्चिम खान्देश. पूर्व खान्देशातल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं ५० वं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. अधिवेशनाच्या नगराला नाव दिलं टिळकनगर, आणि ते सजवायला आले थेट शांतिनिकेतनहून चित्रकार नंदलाल बोस. गांधीजींचा आग्रह असा, की जे वापरायचं ते गावात मिळणारं. त्यामुळे बांबू, चटया आणि खेड्यातल्याच वस्तू वापरून सगळं उभं केलं गेलं. सोबत खादी आणि ग्रामोद्योगाचं प्रदर्शन होतं आणि त्याचं उद्घाटन गांधीजींनी केलं.

मार्केटिंगच्या चष्म्यातून बघितलं तर खादी हा एक ब्रँड होता. महाग, जाडाभरडा, मिलच्या कापडापुढे टिकायला अवघड. आणि त्याच्यामागे देशातला सगळ्यात मोठा इन्फ्लुएन्सर उभा होता. पण हा इन्फ्लुएन्सर स्वतः रोज सूत कातायचा आणि अंगावर तेच घालायचा. 'मी हे वापरलं' हे सांगायला त्याला वेगळा व्हिडिओ करायची गरज नव्हती.

आमच्याकडे मात्र ह्या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग जास्त सांगितला जातो. गांधीजी फैजपूरला आले आणि गेले. आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं अधिवेशनाला यावीत म्हणून त्याआधी गावोगाव फिरले ते साने गुरुजी. १९२४ ते १९३० ह्या काळात ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. खान्देशातल्या कित्येक घरांतली मुलं त्यांच्या हाताखालून गेलेली. म्हणजे बघा, दूरवरचं मोठं नाव एक आणि ओळखीचा माणूस दुसरा. पुढे अमेरिकेत पॉल लाझार्सफेल्ड आणि एलिहू कॅट्झ ह्या दोघांनी हीच गोष्ट सिद्धांत म्हणून मांडली. त्यांचं 'पर्सनल इन्फ्लुएन्स' हे पुस्तक आलं १९५५ साली. वर्तमानपत्र आणि रेडिओवरचा संदेश लोकांपर्यंत थेट कमीच पोचतो; आधी तो ओळखीतल्या काही जाणत्या माणसांकडे जातो आणि त्यांच्याकडून पुढे बाकीच्यांकडे, असं त्यांचं म्हणणं. साने गुरुजींना हे पुस्तकाशिवाय माहीत असणार.

आता कोणी म्हणेल, गांधीजींना मार्केटिंगमध्ये कशाला ओढतोस? तर एक किस्सा सांगतो. गोदरेजने प्राण्यांची चरबी न वापरता, वनस्पती तेलापासून साबण बनवला होता आणि खुद्द रवींद्रनाथ टागोरांनी त्याची शिफारस केली होती. दुसऱ्या एका साबणवाल्याने गांधीजींकडे आशीर्वाद मागितला, तेव्हा गांधीजींनी कळवलं की गोदरेजबद्दल मला इतका आदर आहे की त्यांचं नुकसान होणार असेल तर मी आशीर्वाद देऊ शकत नाही. किती छान, नाही? पण ह्याच अर्देशीर गोदरेजनी टिळक स्वराज्य फंडाला ३ लाख रुपये दिले होते, १९२० च्या दशकातले ३ लाख! आज असं काही झालं असतं तर कॉमेंटमध्ये लोकांनी पहिला प्रश्न तोच विचारला असता. मला स्वतःला ह्यात काही काळंबेरं वाटत नाही, कारण देणगी उघड होती आणि सगळ्या देशाला माहीत होती. पण ती लपवलेली असती तर तेच पत्र आपण वेगळ्या नजरेने वाचलं असतं. एवढाच फरक, आणि तो फार मोठा आहे.

अमळनेर, १९४५

फैजपूरनंतर ९ वर्षांनी, २९ डिसेंबर १९४५ ला, त्याच जिल्ह्यातल्या अमळनेरला एक कंपनी सुरू झाली. नाव 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड'. संस्थापक मोहम्मद हाशिम प्रेमजी. बरोबर ओळखलंत, हीच आपली विप्रो! आमच्या बॅचमधल्या निम्म्या पोरांनी जिथे पहिला इंटरव्ह्यू दिला, ती कंपनी खान्देशात 'सनफ्लॉवर' वनस्पती तूप आणि '७८७' नावाचा कपडे धुण्याचा साबण बनवायची. कॉम्प्युटर आले १९८० च्या आसपास.

आता वनस्पती तूप विकणं म्हणजे काय दिव्य होतं बघा. लोकांच्या मनात ते 'नकली तूप'. आणि विरोधात कोण, तर पुन्हा गांधीजी! १९४६ मध्ये 'हरिजन'मधून त्यांनी वनस्पतीविरुद्ध स्पष्ट लिहिलं. देशातला सगळ्यात मोठा इन्फ्लुएन्सर तुमच्या प्रॉडक्टच्या विरोधात लिहितोय, अशा परिस्थितीत कुठल्याही ब्रँड मॅनेजरला घाम फुटेल.

ह्या धंद्यातला थोरला भाऊ म्हणजे डालडा. तो बाजारात आला १९३७ साली. त्यांच्या लिंटास ह्या जाहिरात कंपनीने १९३९ च्या सुमाराला जी मोहीम काढली ती आजही शिकवतात. थिएटरात दाखवायची छोटी फिल्म, डब्याच्या आकाराची गोल गाडी, आणि रस्त्यावर स्टॉल लावून लोकांसमोरच तळण. म्हणजे "आमचं ऐकू नका, वास घ्या आणि चाखून बघा." मोठ्या माणसाच्या शब्दाला उत्तर त्यांनी दुसऱ्या मोठ्या माणसाच्या शब्दाने दिलं नाही. दोनच वर्षांनी, १९४१ मध्ये, लक्स साबणाच्या जाहिरातीत लीला चिटणीस झळकल्या, त्या साबणाची जाहिरात करणाऱ्या पहिल्या भारतीय नटी. आज ज्याला सेलिब्रिटी एन्डॉर्समेंट म्हणतात तो रस्ता तिथून सुरू होतो. डालड्याच्या कढईचा रस्ता वेगळा होता.

अमळनेरची गोष्ट ह्या दोन्हींपेक्षा वेगळी आहे. तिथल्या बऱ्याच सामान्य घरांनी ह्या कंपनीचे शेअर घेतले आणि विकलेच नाहीत. १९६६ मध्ये हाशिम प्रेमजी अचानक वारले. २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून आले. तेल-तुपाची कंपनी आणि हातात कोवळा मालक. तरी लोक थांबले. पुढे बोनस आणि स्प्लिट होत होत त्या शेअरांचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. अमळनेरात कोट्यधीश किती, ह्याच्या कहाण्या अजूनही रंगवून सांगतात. पण मला त्यातली श्रीमंती सोडून दुसरंच काही दिसतं. ज्याने शेअर घेतलाय तो कंपनीबद्दल चांगलं बोलला तर ऐकणाऱ्याला माहीत असतं की ह्याचे पैसे अडकलेत, आणि कंपनी बुडाली तर हाही बुडणार आहे. त्याचा स्वार्थ उघड असतो आणि धोकाही त्याचाच असतो.

जळगाव, ठिबक आणि शिवारफेरी

तिसरी गोष्ट भवरलाल जैन यांची. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचा हा माणूस कायदा शिकला, सरकारी नोकरीची संधी सोडली आणि १९६३ मध्ये घरातले ७ हजार रुपये घालून जळगावात केरोसीनच्या एजन्सीपासून सुरुवात केली. मग ट्रॅक्टर, खतं, बियाणं, पाईप. १९८० चं दशक संपता संपता ठिबक सिंचन. त्या वेळी शेतकऱ्याला ठिबक म्हणजे थट्टा वाटायची. पाट भरून पाणी सोडल्याशिवाय पिकाला पाणी दिल्यासारखं वाटतच नाही, आणि हा म्हणतो थेंब थेंब द्या!

ह्यावर जळगावातला उपाय साधा होता. शेतकऱ्याला बसमध्ये बसवायचं आणि शेत दाखवायचं. जैन हिल्सवर गावोगावच्या शेतकऱ्यांच्या गाड्या यायच्या, अजूनही येतात. आमच्या गावचेही लोक गेले होते. कंपनीचा माणूस बोलत असतो तेव्हा ते फारसं ऐकत नाहीत. माती उकरून ओल बघतात. आणि परत आल्यावर गावात जो पहिला ठिबक बसवतो, त्याच्या बांधावर वर्षभर लोक येता-जाता थांबतात. त्याचं पीक हीच जाहिरात. नापास झालं तर तीही जाहिरातच, उलटी.

आता आमच्या घरातली गोष्ट

इथवर सगळं गोड गोड वाटत असेल. म्हणून हे सांगायलाच हवं.

चुलतभावाचे वडील, आमचे नाना, गावात हुशार शेतकरी म्हणून नावाजलेले. बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच बियाण्याच्या वाणांचा बाजारात पूर आला. मी तेव्हा शाळेत होतो. एका कंपनीने नानांना फुकट पाकिटं दिली. त्या वर्षी पाऊस चांगला, नानांचं ठिबक, शेणखत भरपूर. पऱ्हाटी डोक्याएवढी झाली आणि बोंडांनी लगडली. कंपनीने शिवारफेरी भरवली, नाश्ता दिला, फोटो काढला. पुढच्या मे महिन्यात तालुक्याच्या प्रत्येक कृषी केंद्रात पत्रकं लागली. त्यावर फेटा बांधलेले नाना, मागे पऱ्हाटी, खाली नाव, गाव आणि फोन नंबर. नानांना मोबदला म्हणून मिळालं एक भिंतीवरचं घड्याळ.

त्या वर्षी अर्ध्या गावाने तेच बियाणं लावलं. बहुतेकांची जमीन हलकी आणि कोरडवाहू. पाऊस मध्येच दडी मारून बसला, लाल्या आला, पानं तांबडी पडून गळाली. बियाण्याचा दोष किती आणि पावसाचा किती हे मला आजही सांगता येणार नाही. पण लोक कंपनीला शोधत गेले नाहीत. कंपनीचा माणूस त्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात होता. लोक नानांकडे आले. कोणी भांडलं नाही. नुसतं विचारायचे, "नाना, तुमच्याकडे कसा काय आला होता?" नाना त्या हिवाळ्यात पारावर जायचे बंद झाले. फोन लँडलाइन होता, तो वाजला की काकू उचलायच्या.

नाना खोटं बोलले नव्हते. त्यांचं पीक खरंच आलं होतं. पण पत्रकात त्यांचं ठिबक नव्हतं, शेणखत नव्हतं, फुकट मिळालेली पाकिटं नव्हती. फक्त फोटो होता. नानांनी तीस वर्षांत कमावलेला विश्वास कंपनीने एका घड्याळाच्या किमतीत उचलला आणि एका हंगामात खर्चून टाकला. ह्याला 'रिलेशनशिप' म्हणायचं असेल तर माझी काही हरकत नाही, पण मग उधारी कशाला म्हणायचं?

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातला बीटी कापूस पोखरला, तेव्हा असे कित्येक 'नाना' आपापल्या गावात मान खाली घालून बसले असतील.

मग संध्याकाळी काय सांगितलं?

आज ह्या सगळ्याला नियम आहेत. जाहिरात क्षेत्राच्या ॲस्की ह्या संस्थेने २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी नियम आणले: पैसे घेतले असतील तर तसं स्पष्ट लिहा. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही मार्गदर्शिका काढली. मोबदला उघड करा, तो कळेल अशा भाषेत करा, आणि स्वतः न वापरलेल्या वस्तूची शिफारस करू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. मी हे सगळं भावाला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ते ठीक आहे भाऊ, पण कायद्याची भीती नाही मला."

मग आम्ही दोघांनी मिळून एजन्सीला एक प्रस्ताव लिहिला. बाटल्या पाठवा. चार ओळींवर फवारीन, शेजारच्या चार ओळी तशाच सोडीन. खत-पाणी दोन्हीकडे सारखं. दर महिन्याला व्हिडिओ. वेचणीला दोन्हीकडचा कापूस वजनकाट्यावर कॅमेऱ्यासमोर. पैसे घेतलेत हे पहिल्याच वाक्यात सांगीन, आणि फरक पडला नाही तर तेही सांगीन. माझ्या मते कुठल्याही शहाण्या ब्रँडने ह्यावर उडी मारायला हवी होती. आयोवा ते जैन हिल्स, सगळीकडे हेच तर चाललं आहे!

उत्तर दोन ओळींचं आलं. हंगाम संपल्यावर व्हिडिओ येऊन काय उपयोग, पेरणीच्या आधी पाहिजे. त्यानंतर काहीच नाही. एजन्सीला त्याच पट्ट्यात दुसरा कोणी मिळाला असेल.

पैसे गेले ह्याचं वाईट वाटलं का, असं मी त्याला विचारलं. वाटलं, म्हणाला. मुलीची फी भरायची होती. पण मग म्हणाला, "भाऊ, व्हिडिओ तो दोन दिननी गोट. माले याच गावमा ऱ्हावानं शे."

मार्केटिंगच्या टीमला सोमवारी हे वाक्य सांगावं असं मनात होतं. त्यांच्या एक्सेल शीटमध्ये फॉलोअर्स, रीच, एंगेजमेंट असे रकाने आहेत. 'हा माणूस उद्या ज्यांना तोंड दाखवणार आहे ते कोण' असा रकाना नाही. माझ्या मते ब्रँडने माणूस निवडताना आधी तोच भरावा. भरणाऱ्याला जरा वेळ लागेल, पण नातं टिकेल. असो.

भावाने शेवटी कृषी केंद्रातून स्वतःच्या पैशाने एक बाटली आणली आहे. चार ओळी फवारणार, चार सोडणार. निकाल वेचणीला कळेल, दिवाळीच्या आसपास. मी तेव्हा गावी जाणारच आहे. नानांच्या घरातलं ते घड्याळ अजून चालू आहे. कंपनीचं नाव मात्र नानांनी त्याच वर्षी ब्लेडने खरवडून काढलं होतं.